चौथ्या भिंतीवरची पट्टी

फोन आला तेव्हा तो काचेवरची टेप सोलत होता. कारखान्यात तपासणीच्या खोलीत एका लांब टेबलावर काच, टाइल, प्लायवूड, ऑइलपेंट दिलेला पत्रा असे तुकडे ओळीने मांडलेले असत. त्यांच्यावर मास्किंग टेप चिकटवायची, कडेने रंग मारायचा, वाळू द्यायचा आणि मग टेप तिरकी धरून हळूहळू सोलायची. खाली रेघ सरळ निघाली तर टेप पास. रंग टेपखाली शिरला असला की रेघ उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. मग टेप नापास. त्याचं पोटापाण्याचं काम एवढंच होतं. रंगाऱ्यांसाठी टेप बनवायची आणि ती कुठल्या भिंतीवर दगा देते ते शोधायचं. हे काम तो इतक्या चिवटपणे करायचा की कारखान्यात सगळे त्याला चिकटराव म्हणत. त्यालाही त्याचं वाईट वाटत नसे.

फोनवर उंच्या होता. उंच्या म्हणजे त्याच्या बायकोच्या जोडीने काम करणारा रंगारी. शिडी न लावता छताला हात पोचायचा, म्हणून उंच्या. एरवी तो फोनवर आधी थट्टा करायचा आणि मग कामाचं बोलायचा. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"भाऊजी, ताई खाली बसल्या."

"बसली म्हणजे? दमली असेल."

"नाही हो. बसल्या त्या बसल्याच. तुम्ही या."

अर्धी सोललेली टेप काचेवर तशीच लोंबत राहिली.

बायको भिंतींवर रेघा मारायचं काम करायची. शाळा, दवाखाने, जिने, लांबच लांब वऱ्हांडे, जिथे जिथे भिंतीवर सरळ पट्टा लागतो तिथे तिला बोलवत. रेघवाली म्हटलं की सगळ्यांना कळायचं. त्या दिवशी ती एका दवाखान्याच्याच वऱ्हांड्यात होती. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते, पण हाक मारायला सवडच मिळाली नाही. तो पोचला तेव्हा तिला खाटेवर निजवलं होतं. तिच्या डाव्या हाताच्या बोटांवर रंग वाळला होता. ती डावखुरी होती. एक बाई ओल्या कापसाने बोटं पुसायला लागली, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या."



त्या दोघांचं एक जुनं भांडण होतं. भांडण कसलं, संसारात असायची तशी कुरबुर. टेप लावून झाली की ती लगेच नवा रंग मारत नसे. आधी भिंतीचाच जुना रंग घ्यायची, अर्ध्या इंची ब्रशने टेपच्या कडेवरून त्याचा एक पातळ हात फिरवायची आणि तो वाळला की मग नवा रंग. म्हणजे जे काही टेपखाली झिरपायचं ते भिंतीच्याच रंगाचं झिरपतं, फट बुजते, आणि वरचा रंग आत जाऊच शकत नाही. टेप सोलली की रेघ सुरीने कापल्यासारखी. युक्ती चांगली होती, पण त्याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"अगं, मी जन्मभर टेप बनवतोय आणि तुझा माझ्यावर भरवसा नाही."

"तुमच्यावर आहे हो. टेपवर नाही."

"लोक काय म्हणतील? टेपवाल्याची बायको टेपला ठिगळ लावते."

"लोक रेघ बघतात. ठिगळ दिसतंय का कुणाला?" मग ती हसून म्हणायची, "ज्या दिवशी तुमची टेप आपल्या मागच्या खोलीत चारी भिंतींवर पास होईल ना, त्या दिवशी हा हात मारणं मी सोडलं म्हणून समजा."

"मग करशील काय?"

"बसेन आरामात. चहा तुम्ही करायचा."

मागची खोली हा घरातला एक नमुनाच होता. घर वाढवताना जे सामान हाताला लागलं त्यातून ती उभी राहिली होती. पहिल्या भिंतीला जुन्या टाइल्स, दुसरीला ऑइलपेंट, तिसरी भिंत म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन आणि चौथीला खरबरीत गिलावा. हात घासला तर सोलून निघेल असा. चारींना तिने दुधी रंग दिला होता, टाइल्सनासुद्धा. कमरेच्या खाली सगळीकडून एक हिरवा पट्टा फिरवायचा, असं तिच्या मनात होतं. खालच्या भागाला दुधी रंग देताना ती बुटक्या स्टुलावर बसायची आणि स्टूल सरकवत सरकवत पुढे जायची. तो सरकण्याचा आवाज त्याला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. खोलीला हात लावायला तिला सुट्टीशिवाय सवड नसे, त्यामुळे पट्टा सुरू व्हायचाच राहिला होता.

माणसं आली, बसली, गेली. लेक काही दिवस राहिली आणि तिच्या नोकरीच्या गावी परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, मी बदली मागते. मागच्या खोलीत राहीन. तुम्ही एकटे नका राहू."

मग त्याला वाटलं, निदान तो हिरवा पट्टा तरी उरकून टाकावा.

पहिल्यांदा त्याने टेप लावली ती ऑइलपेंटच्या भिंतीवर. टेप कारखान्यात नापास झालेली, कोपऱ्यात पडलेली होती. चांगली शोधायचं त्याच्या जिवावर आलं होतं. सकाळी लावली, कामावर गेला, संध्याकाळी येऊन हिरवा रंग मारला. दुसऱ्या दिवशी सोलली. रेघ सुरीने कापल्यासारखी.

तो बघतच राहिला. ही टेप त्याने स्वतः नापास केली होती. ऑइलपेंटवर तिची कड उचलते आणि रंग खाली पळतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. सोललेली टेप त्याने उजेडात नेली. टेपचा रंगही जवळपास दुधीच, त्यामुळे आधी लक्षात आलं नव्हतं. हिरव्या रंगाच्या खाली, कडेकडेने, दुधी रंगाची एक पातळ साय बसली होती.

त्याने तिचा दुधी रंगाचा डबा काढला. झाकण गच्च बसलं होतं, ते स्क्रूड्रायव्हरने उचकटावं लागलं. आत रंगावर जाड कातडी धरली होती, गुळगुळीत आणि अखंड. तिथे ब्रश बुडालेला नव्हता. मग त्याने खिळ्याला टांगलेला तिचा अर्ध्या इंची ब्रश हातात घेतला. इतक्या दिवसांत केस वाळून काड्या व्हायला हव्या होत्या. ते मऊ होते. ओलसर होते.

बुटकं स्टूल भिंतीपाशी होतं. आपण ते दाराशी ठेवलं होतं असं त्याला आठवत होतं. पण त्या दिवसांत त्याला बरंच काही आठवायचं, आणि त्यातलं सगळंच खरं नसे.

त्याने उंच्याला बोलावलं. उंच्या आला, दारातून वाकून आत शिरला, आणि नेहमीसारखा सुरू झाला. "काय चिकटराव भाऊजी, आमच्या पोटावर पाय देताय का? स्वतःच पट्टे मारायला लागलात!"

"रेघ बघ."

उंच्याने उकिडवं बसून रेघ बघितली. मग सोललेली टेप बघितली, नखाने दुधी रंग खरवडला, आणि त्याच्या तोंडावरचं हसू विरलं.

"हे तुम्ही मारलंत?"

"नाही."

"खरं सांगा. झोपेत उठून वगैरे करत नाही ना? माझा एक मामा झोपेत शेजाऱ्यांचं अंगण झाडायचा. शेजारी खूश होते."

"मी उजव्या हाताचा आहे, उंच्या."

उंच्याने टेप पुन्हा उजेडात धरली. टेपवरचा दुधी रंग उजवीकडून सुरू होऊन डावीकडे संपला होता. डाव्या टोकाला, ब्रश उचलताना सुटते तशी, मांजराच्या मिशीएवढी बारीक शेपटी होती. उंच्याच्या समोरच त्याने डाव्या हातात ब्रश धरून कागदावर ओढून बघितला. रेघ अशी निघाली की उंच्यालाही हसू फुटलं, पण ते हसू फार टिकलं नाही.

"भाऊजी," कपाळाचा घाम पुसत तो म्हणाला, "हा ताईंचा हात आहे. त्यांच्या शेजारी उभा राहून आयुष्य काढलं मी. मला नका विचारू. मला काही कळत नाही." चहा अर्धा ठेवून तो गेला. जाताना दाराची चौकट डोक्याला लागली. इतक्या वर्षांत ती त्याला कधी लागली नव्हती.

पुढच्या वेळी त्याने टेप प्लायवूडवर लावली. तीही नापासातली. खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घालून कारखान्यात गेला. संध्याकाळी आधी दिवा लावला. टेपच्या कडेवरून दुधी रंगाचा हात फिरला होता. बोट लावलं तर बोटाला रंग आला. स्टूल त्या भिंतीपाशी होतं.

तो घाबरला का, तर घाबरला. बराच वेळ तो दाराकडे पाठ करायला धजला नाही. पण भीतीच्या खालून दुसरंही काहीतरी होतं. घरात आपण एकटेच आहोत असं त्या संध्याकाळी त्याला वाटलं नाही. त्याने दोन कप चहा केला. दुसरा कप गार होऊन त्यावर साय आली. त्याने तो ओतून टाकला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन केले.

असं चालू झालं. पट्टा मारून झाला की त्यावर दुधी रंग द्यायचा, ओला असेल तर पुसूनच काढायचा, आणि पुन्हा नापास टेप लावायची. पट्टा पुरा होऊ द्यायचा नाही. लेकीने फोनवर विचारलं, "झाली का खोली?" तो म्हणाला, "चाललंय." ते खोटंही नव्हतं.

इकडे कारखान्यात मात्र काम पुढे सरकत होतं, आणि ते सरकवणाराही तोच होता. त्याच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं. अडचण जुनी होती. गोंद मऊ ठेवला तर तो खरबरीत भिंतीच्या भोकांत नीट बसतो, पण गुळगुळीत भिंतीवरून सोलताना मागे राहतो. गोंद कडक केला तर काचेवरून छान निघतो, पण खरबरीत भिंतीवर पूल बांधल्यासारखा वरच्यावर राहतो आणि खालून रंग पळतो. एक टेप सगळ्या भिंतींवर चालत नाही ती यामुळे. एकदा टेबलाशी उभा असताना त्याला बायकोचा हात डोळ्यांसमोर दिसला. ती सबंध टेपवर रंग मारत नव्हती, फक्त कडेवर. म्हणजे भानगड कडेचीच. मग गोंद सगळीकडे एक कशाला हवा? दोन्ही कडांना मऊ गोंदाची बारीक दोरी आणि मधे कडक गोंद. कड भिंतीत बसेल आणि मधला भाग तिला ओढून बाहेर काढेल.

टेप तयार झाली. काचेवर पास, पत्र्यावर पास, प्लायवूडवर पास. साहेबांनी पाठीवर थाप मारली. "चिकटराव, जिंकलात! आता खऱ्या भिंतींवर लावून बघा आणि मला सोललेल्या पट्ट्या आणून दाखवा. विशेषतः खरबरीत गिलावा. त्याच्यावर निभावलं तर लगेच यंत्रावर चढवू."

त्याने मान डोलावली. घरी येताना पिशवीत टेपचं रीळ होतं, आणि ते त्याला जड लागत होतं. जी टेप बनवायला जन्म घालवला ती हातात आली होती. आता ती चारी भिंतींवर पास झाली की बायको हात मारणं सोडणार होती. तसं ती म्हणाली होती, आणि ती शब्दाची पक्की होती.

न लावता राहता आलं असतं. पण त्याला तेही जमेना. टेप बनवायची आणि भिंतीवर लावून बघायची नाही, हे त्याच्या हाडात नव्हतं. आणि तिनेही विचारलं असतंच, काय हो, लावून बघितलीत का?

पहिल्यांदा टाइल्सवर लावली. कुलूप, किल्ली खिशात. संध्याकाळी दिवा लावला. टेप कोरी होती. ब्रश वाळलेला होता. हिरवा मारला, दुसऱ्या दिवशी सोलली. रेघ सरळ, केसाइतकाही फरक नाही. खोली गार वाटली.

मग ऑइलपेंट. टेप कोरी. रेघ सरळ.

मग प्लायवूड. टेप कोरी, रेघ सरळ. स्टूल दाराशी होतं, जिथे त्याने ठेवलं होतं तिथेच. तो त्या स्टुलावर बसून राहिला. तिन्ही भिंतींवर हिरवा पट्टा असा फिरला होता की कुणीही तोंडात बोट घालावं. त्याला वाटलं, सगळं खरवडून टाकावं, आणि तेही त्याने केलं नाही.

घाबरून त्याने एका कोपऱ्यात नापास टेपचा तुकडा लावला. तोही दुसऱ्या संध्याकाळी कोराच होता. बहुधा ती आता हिशेबाने चालली होती. तीन झाल्या, एक राहिली.

साहेबांनी विचारलं, "गिलाव्याचं काय झालं?"

"अजून लावली नाही."

"लावा की मग! मुहूर्त बघताय का?"

लेक सामान घेऊन आली. मागच्या खोलीत डोकावली आणि दारातच थांबली. "किती सुरेख झालंय हो बाबा! आईने करून ठेवलं होतं का?"

"अर्धं," तो म्हणाला. यापेक्षा खरं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

"मग उरलेलं करा ना. नाहीतर मी करते. मी काय तिची मुलगी नाही?"

दुसऱ्याने टेप लावण्यापेक्षा आपणच लावलेली बरी, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवी टेप चौथ्या भिंतीवर लावली. खरबरीत गिलाव्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती बोटाने दाबत गेला. बोटाची साल निघाली. स्टूल दाराशी ठेवलं, कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन गेला. त्या दिवशी कारखान्यात त्याच्या हातून काहीच झालं नाही.

संध्याकाळी आल्यावर त्याने दिवा लावला नाही. खिडकीबाहेर उजेड संपत आला होता आणि खोलीत सगळ्याच गोष्टींचा एकच रंग झाला होता. त्या करड्या अंधारात भिंत दुधी आहे की टेप दुधी, काही कळत नव्हतं. तेच त्याला हवं होतं. टेपकडे न बघता, अंदाजाने, त्याने मोठ्या ब्रशने हिरवा रंग मारायला सुरुवात केली.

लेक दारात आली. "बाबा, दिवा तरी लावा. अंधारात काय दिसतंय तुम्हाला?"

"नको."

"डोळे जातील."

"जाऊ दे. झालंच आहे."

हिरवा रंग पुरा मारून झाल्यावरच त्याने दिवा लावला. आता टेपवर वरून सगळं हिरवं होतं. हिरव्याच्या खाली दुधी साय आहे की नाही, ते सोलल्याशिवाय कळणार नव्हतं.

मग त्याला स्टूल दिसलं. ते चौथ्या भिंतीपाशी होतं.

"तू दुपारी या खोलीत आली होतीस?"

"कशी येणार? कुलूप होतं ना. किल्ली तुमच्याकडे." मग तिला काहीतरी आठवलं. "पण तुम्ही मधे घरी येऊन गेलात का? मी स्वयंपाकघरात होते. आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. एकदाच. मग काही नाही. मी हाक मारली तर तुम्ही ओ दिली नाही."

"एकदाच?"

"हो, एकदाच. का हो?"

 बायको काम करत असली की स्टूल सारखं सरकायचं. थोडं रंगवलं की सरकलं, थोडं रंगवलं की सरकलं. एकदाच सरकलं याचा अर्थ काय घ्यायचा, ते त्याला कळेना. पहिल्या वितीवर हात मारून ती थांबली असेल. किंवा टेप नीट निरखून बघितली असेल, पास आहे असं तिला पटलं असेल आणि बोलल्याप्रमाणे ती आरामात बसली असेल. चहा मात्र कुणी केला नव्हता.

तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याने चहा केला. लेक बघत होती. तीन कप बघून तिने त्याच्याकडे पाहिलं. तिसरा कप त्याने मागच्या खोलीत स्टुलावर नेऊन ठेवला आणि दार ओढून घेतलं. सकाळी कप होता तसाच होता, वर साय आलेली. कप थंडगार असायला हवा होता. तो कोमट होता, की रात्रभर दार बंद असल्याने खोलीच कोंदट झाली होती, हे तो ठरवू शकला नाही.

त्या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. लेक पुढच्याच खोलीत झोपते. मागच्या खोलीत रंगाचा ओला वास जात नाही म्हणते. रंग तर केव्हाच वाळला आहे. उंच्या येतो, अंगणातूनच हाक मारतो, आत येत नाही. साहेब रोज विचारतात. यंत्र तयार आहे, गोंद तयार आहे, फक्त गिलाव्यावरची पट्टी दाखवायची आहे. तो म्हणतो, उद्या.

टेप भिंतीवर फार दिवस ठेवायची नसते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? गोंद हळूहळू भिंतीत मुरतो. मग सोलायला गेलं की टेपचा कागद फाटतो, खालचा रंग निघून येतो आणि रेघ होती की नव्हती ते कुणालाच सांगता येत नाही. तो रोज संध्याकाळी स्टुलावर बसून टेपचं टोक नखाने उचलतो, ते अजून सुटतं आहे एवढं बघतो आणि परत दाबून बसवतो.

बाकी घरातली सगळी कामं झाली आहेत. चौथ्या भिंतीवरची पट्टी सोलायची राहिली आहे.